दुखणाइताची खाट आणि तिच्या उशाशीं बसणारी

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं जाऊन घरोघर विचारपूस केली, तर अंथरुणास खिळलेलें एखादें तरी माणूस सांपडल्यावांचून राहत नाहीं. कोणाचा बाप अर्धांगवायूनें पडलेला असतो, कोणाच्या सासूस आपलींच मुलें ओळखूं येत नाहींत, कोणाच्या घरीं कर्करोग शेवटच्या पायरीस आलेला असतो व शहरांतील डॉक्टर "आतां घरीं न्या" असें सांगून मोकळे झालेले असतात. अशा घरीं आपण जातों तेव्हां दुखणाइताजवळ बसतों, दोन शब्द बोलतों, प्रार्थना करितों, चहा घेतों आणि परत येतों. पण तो चहा ज्या बाईनें केला ती रात्रीं किती वेळां उठली, गेल्या महिन्यांत तिचे मजुरीचे किती दिवस बुडाले, तिची कंबर कां दुखते, हें विचारण्याचें आपणांस बहुधा सुचत नाहीं. आजचा पाठ त्या बाईविषयीं आहे. दुखणाइताविषयींहि आहे, पण तिच्या वाटेनें.

हें काम तिच्या वांट्यास कसें आलें, हें कोणी ठरविलेलें नसतें. घरांत बैठक बसून नेमणूक होत नाहीं. सासरा पडला, थोरला मुलगा चाकणच्या कारखान्यांत, धाकटा मुंबईस, तेव्हां जी घरीं होती तिनें पहिल्या दिवशीं पाणी दिलें व त्याच दिवसापासून तें काम तिचें झालें. वर्षें लोटलीं तरी तें तिचेंच राहतें. कधीं ती सून असते, कधीं न दिलेली मुलगी, कधीं स्वतःच सत्तरी गांठलेली बायको. क्वचित् एखादा मुलगाहि असतो, व त्याची अडचण तर आणखी मोठी, कारण आईस न्हाऊं घालणाऱ्या मुलाची गांवांत वाहवा होते पण त्याच्या मदतीस कोणी येत नाहीं.

आपल्या या भागाची कांहीं वेगळी अडचण आहे, ती ध्यानांत घेतली पाहिजे. पश्चिमेकडे आपटाळें, मढ, घाटघर या अंगास, आणि आंबेगांवांत डिंभें धरणाच्या मागील आहुपें, तळेघर, पोखरी या डोंगरी बाजूस वस्ती विरळ. मूळ आंबेगांव तर त्या धरणाच्या पाण्याखालीं गेलें व कित्येक वाड्या डोंगरावर सरकल्या. भातलावणी आटपली कीं हातपाय धड असलेलीं माणसें टोमॅटो, कांदा व द्राक्षें यांच्या कामास नारायणगांव व मंचरकडे उतरतात. मागें राहतात म्हातारीं, लहान मुलें आणि जिला दुखणाइतास सोडून जातां येत नाहीं ती एक बाई. पूर्वेकडे पाणी आलें, ऊस आला, पैसा आला, पण घरें मळ्यांत पांगलीं. आणि उसांत बिबट्या राहूं लागल्यापासून अंधार पडल्यावर शेजाऱ्यास हांक मारून बोलावणेंहि धोक्याचें झालें आहे. "रात्रीं कांहीं लागलें तर सांगा" हें आपलें नेहमींचें वाक्य मळ्यांतल्या घरीं निरुपयोगी आहे. रात्रीं सोबतीस जावयाचें असेल तर दिवस मावळण्यापूर्वीं जावें व उजाडेपर्यंत राहावें.

अशीं घरें किती असतील? म्हातारपणीं बुद्धि हळूहळू मावळत जाण्याचा जो रोग, ज्यास डॉक्टर लोक स्मृतिभ्रंश म्हणतात व आपल्याकडे 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात, त्याचीच गणना पाहा. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणींत साठीवरील शंभर माणसांमागें ७.४ माणसांस हा रोग असल्याचा अंदाज निघाला. सर्व हिंदुस्थानांत मिळून सुमारें ८८ लक्ष. शहरांत हें प्रमाण ५.३ तर खेड्यांत ८.४, आणि पुरुषांत ५.८ तर स्त्रियांत ९ असें आहे. खेड्याची हवा चांगली म्हणून हा रोग तेथें कमी, ही समजूत या आंकड्यांनीं खोटी ठरविली. दोन हजार वस्तीचें गांव धरा, त्यांत दहांत एक माणूस साठीवरील धरा. म्हणजे दोनशें झालीं. त्यांपैकीं सोळा-सतरा या रोगाचीं निघतील. त्यांत लकवा, कर्करोग, मोडलेला खुबा, जन्मापासून अपंग असलेलीं मुलें मिळविलीं म्हणजे गांवांत प्रत्येक आळीस एक खाट होते.

एवढ्या सर्वांस रुग्णालयांत ठेवणें शक्य नाहीं, आणि तें इष्टहि नाहीं. मंचरास उपजिल्हा रुग्णालय आहे, घोडेगांव, जुन्नर व नारायणगांव येथें ग्रामीण रुग्णालयें आहेत. तीं आजार उतरविण्यासाठीं आहेत, वर्षानुवर्षें कूस बदलण्यासाठीं नाहींत. आणि 'आशा' ताई? २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गांवोगांवीं सुमारें हजार वस्तीमागें एक अशी ही बाई नेमली जाते. बाळंतपण, लसीकरण, क्षय, सर्व नोंदवह्या तिच्याच डोक्यावर. त्यावर आणखी हें ओझें घालून आपण हात झटकावे हें आम्हांस योग्य दिसत नाहीं. तिची ओळख, तिची माहिती व तिचा सल्ला घ्यावा. हात दुसरे लावावे.

हे दुसरे हात खेड्यांतूनच तयार होतात, याचा दाखला शोधावयास दूर जाण्याची गरज नाहीं. शेजारच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें. दोघेहि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयांत शिकलेलीं. त्यांनीं गांवास सांगितलें, तुमच्यांतील एक बाई तुम्हीच निवडून द्या. अशा रीतीनें आलेल्या बायांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक अस्पृश्य म्हणून गणलेल्या जातींच्या होत्या. त्या जामखेडास वारंवार येऊन एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि शिकलेलें परत गांवांत नेत. मोठ्या इस्पितळांतील माणसांस जें साधलें नाहीं तें बाळंतिणी व लेंकरें यांच्या बाबतींत त्यांनीं साधलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच स्त्रियांस नवजात बालकांची घरच्या घरीं शुश्रूषा करण्यास शिकविलें, तेव्हां त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरले; हा वृत्तांत १९९९ सालीं जगापुढें आला. या दोन्ही ठिकाणीं आमच्या मतें मुख्य गोष्ट एकच: निवड गांवानें केली, आणि शिक्षण एकदां देऊन थांबविलें नाहीं.

आपल्या विषयाच्या अगदीं जवळचा दाखला मात्र केरळांत आहे. १९९३ सालीं कोझिकोड येथें डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांचे सोबती यांनीं असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्यासाठीं एक संस्था काढिली. थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं रोगी दवाखान्यापर्यंत येऊंच शकत नाहीं, व डॉक्टर सर्व घरीं पोंचूं शकत नाहीं. म्हणून मलप्पुरम् व आसपासच्या भागांत शेजाऱ्यांचीं जाळीं विणलीं गेलीं. आठवड्यास दोन तास देण्यास तयार असेल त्यानें नांव द्यावें. त्यास सोळा तास शिकवावें, चार दिवस अनुभवी परिचारिकेबरोबर घरोघर फिरवावें, मग काम सोंपवावें. रिक्षावाले, शाळामास्तर, विद्यार्थी, घरच्या बाया, सर्व धर्मांचे लोक त्यांत आले. २००८ सालीं त्या सरकारनें या कामासाठीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. इकडे पुण्यासहि वारजें येथें १९९७ पासून सिप्ला संस्थेचें एक शुश्रूषाकेंद्र आहे. तेथें कर्करोग्यास त्याच्या घरच्या माणसासह ठेवून घेतात व पैसे घेत नाहींत. घरच्या माणसासही ठेवून घेणें ही गोष्ट लहान दिसते, पण तींत मोठें शहाणपण आहे: दुखणें एकाचें, शिक्षण दोघांचें.

तेव्हां आपल्या गांवीं काय शिकवावें? केरळचे सोळा तास आपणांसहि पुरतात. दोन दोन तासांच्या आठ दुपारीं करा. शिकविणारी परिचारिकाच असावी, उपदेशकानें किंवा शिक्षकानें पुस्तक वाचून शिकवूं नये. आणि खाट मध्यें ठेवून, एका धडधाकट माणसास तीवर निजवून, प्रत्येकाच्या हातून करून घ्यावें. हातांनीं शिकलेलें हात विसरत नाहींत.

पहिली गोष्ट कूस बदलणें. पडून राहिलेल्या माणसाच्या जखमा या रोगानें होत नाहींत, भारानें होतात. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याचे फरे, कोंपरें, डोक्याची मागची बाजू, जेथें कातड्याखालीं लागलेंच हाड आहे तेथें रक्त दाबलें जातें व मांस मरूं लागतें. म्हणून दर दोन तासांनीं कूस बदलावी. रोज अंग पुसतांना या जागा उजेडांत पाहाव्या; कातडी लाल किंवा काळपट दिसली आणि बोटानें दाबून सोडल्यावरहि तो रंग हटला नाहीं, तर जखमेचा तो पहिला निरोप समजावा. त्या जागीं चोळूं नये. तेल जिरवून चोळण्याची आपल्याकडे फार हौस आहे. पण जेथें रक्त आधींच दबलें आहे तेथें चोळल्यानें आंतील मांस अधिकच फाटतें. पोटरीखालीं उशी देऊन टाचा अधांतरीं ठेवाव्या. भोंक असलेलें रबरी चाक बुडाखालीं देऊं नये, त्यानें कडेचा दाब वाढतो. चादरीस सुरकुती नसावी, मूत्रानें ओलें झालेलें अंथरूण लागलींच बदलावें. हवेची गादी मिळाली तर उत्तम, परंतु गादी आली म्हणून कूस बदलणें थांबवितां येत नाहीं. ही चूक पैसेवाल्या घरींच अधिक होते.

आतां हें कूस बदलणें एकटीनें कसें करावें? येथेंच तिची कंबर जाते. जुनें नऊवारी लुगडें चौपदरी घडी करून दुखणाइताच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखालीं घालून ठेवावें. दोन बाजूंस दोघांनीं त्याच्या कडा गुंडाळून धरल्या म्हणजे माणूस अलगद सरकतो, कातडीहि घासत नाहीं. उचलतांना कंबरेंत वांकूं नये, गुडघे वांकवावे, व भार आपल्या छातीजवळ घ्यावा. एकटीच असेल तर आपल्याकडे ओढून कुशीवर वळवावें, पलीकडे ढकलूं नये. एवढें एक कौशल्य गांवांतील प्रत्येक तरुणानें शिकून ठेवावें असें आम्हांस वाटतें. तालमींत भार उचलण्याचें शिकतातच, तें येथें कामास येईल.

दुसरी गोष्ट घांस भरविणें. निजलेल्या, झोंपेंत असलेल्या किंवा पुरती शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडांत कधींहि कांहीं घालूं नये, तीर्थ नाहीं, दूध नाहीं, औषधहि नाहीं. "घशाला कोरड पडली असेल" म्हणून प्रेमानें घातलेला चमचा श्वासनलिकेंत उतरतो व चार दिवसांनीं न्युमोनिया होतो. पाठीस लोड देऊन ताठ बसवावें, हनुवटी किंचित् खालीं असावी, घांस लहान असावा, पहिला गिळल्याचें पाहूनच दुसरा द्यावा. जेवल्यावर अर्धा तास तसेंच बसवून ठेवावें. घांसागणिक खोकला येत असेल किंवा आवाज ओला घरघरीत होत असेल, तर डॉक्टरांस कळवावें. ओठ सुकले तर ओल्या फडक्यानें पुसावे. तोंड दिवसांतून दोनदां स्वच्छ करावें, दांत नसलेल्याचेंहि.

तिसरी गोष्ट ज्याची स्मृति गेली आहे त्याच्याशीं वागणें, आणि ही सर्वांत कठीण. आईची आई मरून चाळीस वर्षें झालीं, आणि म्हातारी विचारते, "आई कोठें आहे?" आपण सांगतों, "अहो, ती केव्हांच गेली." तिला ती बातमी दर वेळीं नवी असते व ती दर वेळीं रडते. त्यापेक्षां "तुमची आई कशी होती, सांगा बरें," असें म्हणून तिला बोलतें करावें. त्यांत खोटेंहि बोलावें लागत नाहीं व रडूंहि येत नाहीं. "मला ओळखलें का?" अशी परीक्षा घेऊं नये, भेटीस येणारे पाहुणे हा खेळ हमखास करितात, व हरल्याची लाज म्हातारीस वाटते. उलट जातांच आपलें नांव सांगावें. उठणें, न्हाणें, जेवणें यांच्या वेळा बदलूं नयेत. रात्रीं बारीक दिवा ठेवावा. दारास घुंगरूं किंवा बैलाची घंटा बांधावी, व खिशांत नांव-गांवाची चिठ्ठी शिवावी, कारण अशीं माणसें जुन्या घरीं जाण्यास निघतात, आणि आपल्या भागांत विहिरी व कालवे पावलापावलास आहेत. हें मुद्दाम लक्षांत ठेवावें, कीं दोन दिवसांत एकाएकीं बडबड वाढली, किंवा एकाएकीं गुंगी आली, तर तो म्हातारचळ नव्हे. ताप, लघवीचा विकार, अंगांतील पाणी कमी होणें किंवा एखादें नवें औषध यांपैकीं कांहीं असेल, व तें बरें होण्याजोगें असतें. तसेंच कंठग्रंथीचा विकार, एका जीवनसत्त्वाची उणीव, किंवा मनाची उदासी यांनींहि विसराळूपणा येतो व उपचारानें हटतो. म्हणून एकदां तरी डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावांचून कोणासहि 'चळ लागला' म्हणूं नये. अंगांत येणें, करणी, लागीर यांच्या नांवाखालीं अशा म्हाताऱ्यांस मारहाण होते. तेथें स्वयंसेवकानें स्पष्ट बोलावें.

लकव्याविषयीं एकच सूचना. तोंड वांकडें झालें, एक हात लुळा पडला, वाचा अडखळली, कीं १०८ ला फोन करून गाडी बोलवावी व वेळ सांगावी. रक्ताची गांठ विरघळविण्याचें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. आमच्याकडे पहिला दिवस मालीश करणाऱ्याकडे जातो आणि दुसरा दिवस देवऋष्याकडे.

इतकें शिक्षण झालें म्हणजे स्वयंसेवक घरीं जाण्यास लायक झाला. परंतु तेथें जाऊन त्यानें काय बोलावें, हें त्यास कोणी शिकवीत नाहीं. "कांहीं मदत लागली तर सांगा" असें म्हणूं नये. जिला श्वास घेण्यास फुरसत नाहीं तिनें आपली गरज ओळखावी, ती मांडावी, मागण्याचा संकोच सोसावा, हें सर्व ओझें त्या वाक्यानें आपण तिच्याच डोक्यावर ठेवितों. "मंगळवारीं दुपारीं दोन ते चार मी येथें बसतें, तूं जाऊन नीज," असें म्हणावें, व मंगळवारीं दोन वाजतां जावें. पावसांतहि जावें. ती त्या दोन तासांत निजेल, ओढ्यावर धुणें घेऊन जाईल, बहिणीकडे जाईल, किंवा बाजारांत उगीच फिरेल. तिनें काय केलें हें विचारूं नये. हे दोन तास तिचे आहेत. जेथें मजुरीवर चूल पेटते तेथें दोन तासांनीं भागत नाहीं. टोमॅटोच्या तोडणीच्या दिवसांत आळीपाळीनें चार घरांनीं एकेक दिवस वांटून घेतला, तर तिचे चार दिवसांचे पैसे हातीं येतात. इर्जिकीस आपण एकमेकांच्या शेतांत जात होतों; ही इर्जीकच आहे, नांगराऐवजीं खाटेची.

आणि पुरुषांनीं काय करावें? पुष्कळ आहे. म्हाताऱ्या पुरुषांस पुरुषानें न्हाऊं घालावें, दाढी करावी. सून सासऱ्याचें मलमूत्र काढते तेव्हां दोघांसहि किती लाजिरवाणें होतें, हें दोघेंहि बोलत नाहींत. मोटरसायकल ज्याच्याजवळ आहे त्यानें औषधें आणावीं, ज्याच्याजवळ लिहिण्याची कला आहे त्यानें तहसील कचेरीचे कागद पाहावे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, अपंगत्वाचा दाखला आहे (चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर त्याचे लाभ मिळतात), पण खाटेशीं बांधलेली बाई जुन्नरास किंवा घोडेगांवास चार चार खेपा घालूं शकत नाहीं, म्हणून हक्काचा पैसा पडून राहतो. २००७ च्या कायद्यानें मुलांवर आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी घातली आहे व प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागतां येते. परंतु दुरून पैसेहि न पाठविणाऱ्या थोरल्या मुलास समजावण्यासाठीं आधीं गांवचीं चार वडील माणसें पाठवावीं, कायदा मागाहून.

अशा सेवा करणाऱ्यांची महिन्यास एक बैठक भरवावी, असें ठिकठिकाणच्या अनुभवी लोकांचें सांगणें आहे, आणि तें खरें आहे. मात्र बैठकीची चिठ्ठी काढणारे एक गोष्ट विसरतात: जी येण्याजोगी आहे तिला बैठकीची गरज कमी, व जिला गरज आहे ती घर सोडूं शकत नाहीं. म्हणून दहा बायांची बैठक असेल तर त्या वेळीं दहा घरीं दहा स्वयंसेवक बसले पाहिजेत. तेवढे नसतील तर बैठक पांचांची करावी. वेळ दुपारची, जेवण उरकल्यावर व गुरें परतण्यापूर्वींची. पश्चिम भागांत भातलावणीच्या व हिरडा वेचण्याच्या दिवसांत बैठक ठेवूंच नये. भाषण नसावें. एकीनें सांगावें, दुसरीनें ऐकावें. "मलाहि कधीं कधीं वाटतें, हा सुटला तर बरें," असें एखादी बोलली तर कोणी दचकूं नये व पापाचा उपदेश सुरू करूं नये. इतक्या थकव्यांत असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो, तो बोलून दाखविला म्हणजे हलका होतो. पण ती झोंपतच नसेल, जेवत नसेल, हात उगारूं लागली असेल, किंवा स्वतःच्या जिवाचें बरेंवाईट करण्याचें बोलत असेल, तर तिला एकटी सोडूं नये. १४४१६ या सरकारी क्रमांकावर २०२२ पासून मनाच्या दुखण्याविषयीं मराठींत विनामूल्य सल्ला मिळतो, व डॉक्टरांकडे तिला कोणीतरी बरोबर नेलें पाहिजे. वृद्धांविषयींच्या अडचणींस १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे.

गांवाच्या जत्रा व सप्ताह यांचाहि उपयोग करून घ्यावा. कुस्त्यांच्या आधीं किंवा जेवणाच्या पंगतीपूर्वीं पंधरा मिनिटें मागून घ्यावीं, खाट मांडावी, लुगड्यानें माणूस कसा वळवावा तें करून दाखवावें. नारायणगांवासारख्या तमाशाच्या पंढरींत वाढलेल्या लोकांस करून दाखविलेलें जितकें रुचतें तितकें सांगितलेलें रुचत नाहीं. त्या पंधरा मिनिटांनंतर कोण जवळ येऊन हळूच विचारतो, तें पाहावें. आपणांस ठाऊक नसलेलें एक घर त्या दिवशीं कळेल.

स्वयंसेवकाच्या मर्यादा कडक असाव्या. सुई टोचूं नये, गोळी बदलूं नये, शेजारच्या दुखणाइताची उरलेली बाटली आणून देऊं नये. घरांत पाहिलेलें बाहेर बोलूं नये. कोणाच्या सासूस कोणत्या खोलींत ठेविलें आहे ही पारावरची गोष्ट झाली, कीं तें दार पुन्हां उघडत नाहीं. जात व धर्म पाहून घरें निवडूं नयेत. आणि आमच्या मंडळ्यांच्या सेवकांस आम्ही हें विशेष सांगतों, कीं असहाय पडलेल्या माणसाच्या उशाशीं बसून त्याच्या धर्माची उलाढाल करूं नये. त्यानें आपण होऊन प्रार्थना मागितली तर करावी. त्याच्या घरीं अभंग चालत असेल तर तो ऐकत बसावें. जो हालूं शकत नाहीं त्यास ऐकविणें म्हणजे त्याच्या खाटेचा फायदा घेणें होय.

एक गोष्ट राहिली. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांवांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. नेहमींची एस्. टी. घेऊन आलेल्या चालकास गांवच दिसेना, तेव्हां ही बातमी बाहेर गेली. मग यंत्रें आलीं, जवान आले, धान्य आलें, २०१७ सालीं जवळच नवें गांवहि वसविलें गेलें. जे कामास बाहेर होते, जीं मुलें आश्रमशाळेंत होतीं, तीं वांचलीं व मागें राहिलीं. अशा ठिकाणीं पहिल्या पंधरवड्यांत माणसांची दाटी असते. सहा महिन्यांनीं, पहिल्या दिवाळीस, दुसऱ्या पावसाच्या पहिल्या रात्रीं कोण येतें हा खरा प्रश्न असतो. घरच्या एका मृत्यूचेंहि तसेंच आहे. दहा वर्षें ज्या बाईचा दिवस सासूच्या कुशीवर मोजला गेला, तिला तेराव्यानंतर दुपारीं काय करावें हें कळत नाहीं. रात्रीं ती अजून दोन दोन तासांनीं जागी होते. लोक म्हणतात, "सुटलीस." ती मान हालविते. स्वयंसेवकानें आपला मंगळवार मृत्यूबरोबर बंद करूं नये. निदान सहा महिने जावें, पहिल्या वर्षश्राद्धाचा किंवा स्मरणाचा दिवस वहींत लिहून ठेवावा व त्या दिवशीं जावें. पुष्कळदां अशाच बाईनें पुढें शेजारच्या घरीं कूस बदलण्याचें शिकविलें तर तिच्याइतकें चांगलें कोणी शिकवीत नाहीं. परंतु तें तिनें आपण होऊन म्हणेपर्यंत तिला विचारूं नये. तिच्या घरची हवेची गादी, लघवीचें भांडें, लोड हें सामान धुऊन, उन्हांत वाळवून, यादी करून मंडळानें ताब्यांत घ्यावें, म्हणजे पुढच्या घरास तें दुसऱ्या दिवशीं मिळेल.